बाटलीवरचे बारा टक्के कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात विरळ केसांवरच्या पेप्टाइड सीरमने, म्हणजे टाळूला लावायच्या द्रवाने, केस उगवतात असा अर्धं पान मजकूर आला होता. माझ्या मडगावच्या भाचीने त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "मावशी, बघ, पेपरातच आलंय. म्हणजे मी दिलेली बाटली तू उगाच कपाटात ठेवलीयस." भाची बँकेत आहे, माणसं आणि आकडे दोन्ही तिला चांगले कळतात. तरीही ती फसली असेल तर बाकीच्यांचं काय, या विचाराने हे पत्र लिहायला बसले.

आधी माझी ओळख. कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. आलेला कच्चा माल लेबलाप्रमाणे आहे की नाही ते तपासायचं, नसेल तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा, हे माझं काम. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. बिस्किटाचा पुडा घेतला तरी आधी पालथा करून मागची बाजू वाचते. आमचे हे म्हणतात, तुला लग्नात नवरासुद्धा उलटा करून बघायचा होता.

आता केसांचं. गेल्या वर्षी जुलैत मला डेंग्यू झाला. आठवडाभर ताप, मग महिनाभर अशक्तपणा, आणि गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधायच्या वेळेपर्यंत मी ठणठणीत. ऑक्टोबरात मात्र न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. म्हार्दोळला देवळाबाहेर जायांचा गजरा घेतला, तो माळला तर पिनेला धरायला केसच पुरेनात, दोनदा घसरला. घरी येऊन आरशात पाहिलं. मधला भांग बोटभर रुंद झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी विंचरताना खाली पांढरा कागद अंथरला आणि पडलेले केस मोजले. एकशे सेहेचाळीस. माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे नेहमीचंच, पण ही मोजणी नुसत्या एका विंचरण्याची होती.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून टाळू पाहिली, मग पहिला प्रश्न केला, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काही मोठा ताप येऊन गेला का?" मला डेंग्यूची आठवणही राहिली नव्हती. त्यांनी समजावलं ते असं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो, मग गळतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया असं काही झालं की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मूळ जिवंत असतं, त्यामुळे सहा-आठ महिन्यांत ते आपसूक भरून येतात. त्यांनी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. लोहाचा साठा तळाला गेलेला निघाला, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

डिसेंबरात भाचीने ती बाटली आणून दिली. एकावर एक फुकट होती म्हणून. मार्चमध्ये माझ्या भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे आखूड केस उभे राहिले, पावसाळ्यात शेणाने सारवलेल्या अंगणाच्या कडेला गवत उगवतं तसे. भाचीने येऊन पाहिलं आणि टाळी वाजवली. "बघ, सीरम लागू पडलं!" मी तिला कपाट उघडून दाखवलं. बाटलीचं सील तसंच होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, आणि इथे तर कावळा बसलाही नव्हता. मी जर डिसेंबरपासून रोज थेंब सोडले असते, तर आज मीही शेजारणीला तीच बाटली घ्यायला सांगितली असती, अगदी शपथेवर. ‘वापरून पाहिलं, फरक पडला’ असं सांगणाऱ्या कितीजणी आधी तापातून उठलेल्या असतील, कितीजणींचं बाळ पाच महिन्यांचं असेल, हे आपल्या लेखात विचारलेलंच नव्हतं.

आता बाटलीकडे येते. तीस मिलीची, ड्रॉपरवाली, साडेआठशे रुपयांची. पुढे ठळक अक्षरात ‘१२% मल्टी-पेप्टाइड कॉम्प्लेक्स’. त्याखाली बारीक अक्षरात या बाराची फोड: रेडेन्सिल ३, कॅपिक्सिल ५, प्रोकॅपिल ३, कॉपर पेप्टाइडचं द्रावण १. बेरीज बरोबर आहे, तिथे चूक नाही. पण ही बेरीज कशाची?

ज्यांना ही नावं नवी आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रथिनं ही अमिनो आम्लांची लांबलचक माळ. आपल्या शरीरातली प्रथिनं अशा वीस प्रकारच्या मण्यांची. माळ आखूड असली की तिला पेप्टाइड म्हणायचं. दोन मण्यांची डायपेप्टाइड, तीन मण्यांची ट्रायपेप्टाइड, चाराची टेट्रापेप्टाइड. इन्सुलिनच्या दोन जोडलेल्या माळा मिळून एक्कावन्न मण्यांच्या. आमच्या अबोलीच्या वळेसरासारखंच, कुठल्या फुलानंतर कुठलं फूल ओवलं यावर सगळं अवलंबून. ओवण्याची एक युक्ती ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ साली काढली. पहिला मणी एका बारीक राळेच्या कणाला डकवायचा आणि पुढचे एकेक करून जोडत जायचं. त्यांना त्यासाठी १९८४ चं नोबेल मिळालं.

बाटलीच्या मागे नावापुढे जे आकडे येतात, त्यांनी भाचीची चांगलीच गफलत केली होती. बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१ आणि ॲसिटिल टेट्रापेप्टाइड-३ यांत तिला दुसरं तिप्पट जालीम वाटलं. ‘ट्राय’ आणि ‘टेट्रा’ म्हणजे मणी किती ते. शेवटचा आकडा नुसता यादीतला अनुक्रमांक, गोव्याच्या सरकारी कदंबा बसवर असतो तसा. ‘बायोटिनॉइल’, ‘पामिटॉइल’, ‘ॲसिटिल’ ही माळेच्या टोकाला बांधलेली शेपटी. पाम तेलात असतं त्या जातीचं स्निग्ध आम्ल बांधलं की माळ तेलकट होते आणि कातडीच्या वरच्या थरातून सरकायला तिला सोपं जातं. कातडीतून आत जायचं तर रेणू साधारण पाचशे डाल्टनपेक्षा (हे रेणूच्या वजनाचं माप) लहान असावा, असा एक ढोबळ नियम आहे. तीन मण्यांची बिनशेपटीची माळ त्यात बसते. म्हणूनच सीरममध्ये आखूड माळा असतात. शांपूवर जे ‘हायड्रोलाइज्ड केराटिन’ लिहितात ते बरंच मोठं. ते केसाच्या काडीवर पापुद्र्यासारखं बसतं आणि केस जाडसर लागतात, मुळाशी त्याचा संबंध नाही.

तर ती बेरीज. रेडेन्सिल हे पेप्टाइडच नव्हे. त्यात लार्च झाडापासूनचा आणि हिरव्या चहातला अर्क, झिंक आणि ग्लायसिन असतं. ग्लायसिन हे अमिनो आम्ल खरं, पण तो सुटा मणी झाला, एका मण्याला माळ कोण म्हणतं? म्हणजे बारातले तीन टक्के इथेच गेले. आपल्या लेखातही रेडेन्सिलला ‘पेप्टाइडचा राजा’ म्हटलं होतं, ते कृपया दुरुस्त करा. कॅपिक्सिल म्हणजे ॲसिटिल टेट्रापेप्टाइड-३ आणि लाल क्लोव्हर या गवतफुलाचा अर्क. प्रोकॅपिल म्हणजे बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१, सोबत ऑलिव्हच्या पानातलं एक आम्ल आणि एपिजेनिन हे वनस्पतींतलं द्रव्य. दोन्हींत पेप्टाइड आहे, पण ही दोन्ही सीरमवाल्याकडे पूड म्हणून येत नाहीत, पातळ द्रावण म्हणून येतात. त्यात बहुतेक भाग पाणी आणि ब्युटिलीन ग्लायकॉल हा विद्रावक असतो, पेप्टाइडचा वाटा दशलक्षात किती भाग अशा मापाने सांगावा लागतो.

सोलकढीचं उदाहरण घ्या. कढीत वाटीभर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातलं म्हणून वाटीभर कोकम घातलं असं आपण म्हणत नाही, कारण आगळात मीठ असतं, पाणी असतं. इथे आगळाच्या वाट्या मोजून बाटलीवर ‘कोकम’ लिहिलंय.

आकडा करून बघू. धरून चालू की द्रावणात पेप्टाइड दशलक्षात पाचशे भाग आहे. सीरममध्ये असं द्रावण पाच टक्के घातलं, तर सीरममध्ये उरले दशलक्षात पंचवीस. तीस मिलीच्या अख्ख्या बाटलीत पाऊण मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा याच्या कितीतरी पट भरेल. हा हिशेब मी ओट्यावर भाजी निवडता निवडता वर्तमानपत्राच्या कडेला केला आणि भाचीला दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे नुसतं पाणीच की!"

तसंही नाही, आणि इथे मला सीरमवाल्यांची बाजू घ्यावी लागते. मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. तिच्यात औषध असतं पन्नास मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग, आणि तेवढ्यावर माझा अख्खा दिवस चालतो. पेशींना निरोप देणारे पदार्थ थोडेच लागतात. लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली मानवी रक्तद्रवातून तीन मण्यांची एक माळ वेगळी काढली. ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन. ती तांब्याला घट्ट धरते. जखमा भरून येण्यात तिचा हात आहे असं दाखवणारं पुष्कळ काम पुढे झालं. प्रोकॅपिलमधली माळही याच तीन मण्यांची आहे, फक्त शेपटीला बायोटिन. तेव्हा कल्पना पोकळ नाही. कमी मात्रा हा दोष मी धरतच नाही. दोष आहे तो ती मात्रा लपवून शेजारच्या पाण्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापण्यात. माझ्या थायरॉइडच्या गोळीवर कुणी ‘शंभर मिलिग्रॅम’ छापलं असतं, कारण गोळीचं वजन तेवढं आहे, तर तो माल मी कुंडईच्या दारातूनच परत पाठवला असता.

राहिला शेवटचा एक टक्का, कॉपर पेप्टाइड, म्हणजे पिकार्ट यांची तीच माळ तांब्यासकट. बाटलीतलं पाणी सुरेख निळं आहे. भाचीला तो रंगच पुरावा वाटला होता. "तांबं निळंच असतं ना गं मावशी?" असतं. फोंडा तालुक्यात कुळागर, म्हणजे माडपोफळींची बाग, असलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. पावसाआधी पोफळींवर मोरचूद (तांब्याचं मीठ) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात त्याचा निळा रंग आम्ही लहानपणापासून पाहतोय. कॉपर ट्रायपेप्टाइड-१ सुद्धा निळंच. पण आमच्या ह्यांचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन मी यादी शेवटपर्यंत वाचली तर अगदी टोकाला होतं, सी.आय. ४२०९०. हा खाण्याच्या मिठाईतही घालतात तो निळा रंग. तांब्याची निळाई कमी पडली असावी. त्याच्या दोन नावं आधी डायसोडियम ईडीटीए. हे रसायन धातूला मिठी मारून बसतं, टिकाऊपणासाठी घालतात, त्यात गैर काही नाही. पण ज्या बाटलीत तांब्याला पेप्टाइडपाशी राहायला सांगितलंय, त्याच बाटलीत तांबं पळवणारा आणून ठेवलाय. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या मुलीने असं केलं असतं तर तिला मी चहाच्या सुट्टीत बाजूला घेतलं असतं.

यादी वाचायची एक खूण सांगते, कुणालाही जमेल. आपल्याकडे नियम असा की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. बहुतेक सीरमांत फिनॉक्सिएथेनॉल हे परिरक्षक असतं आणि ते एक टक्क्यापर्यंतच वापरतात. तर यादीत ते नाव शोधायचं. त्याच्या मागे जे काही आहे ते सगळं एक टक्का किंवा त्याच्या आतलं. भाचीच्या बाटलीतली तिन्ही पेप्टाइडं त्याच्या मागे होती. उलट खूण मात्र चालत नाही बरं का. पेप्टाइड त्याच्या पुढे छापलं म्हणून जास्त आहे असं समजू नये, कारण एक टक्क्याखाली क्रमाचं बंधन नसल्याने शहाणा कंपनीवाला ते मुद्दाम पुढे आणून बसवतो.

मी त्या कंपनीला ई-मेल केला. तीनच प्रश्न विचारले. तयार मालात प्रत्येक पेप्टाइड दशलक्षात किती भाग आहे? मुदत संपेपर्यंत त्यातलं किती शिल्लक राहतं? आणि चाचणी केली असेल तर नुसत्या पाण्याच्या बाटलीशी तुलना करून केली का? नऊ दिवसांनी उत्तर आलं. फॉर्म्युला गोपनीय आहे, नव्वद दिवस नियमित वापरा, सोबत पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. एवढे दहा टक्के मात्र कशाचे ते स्पष्ट होतं.

फॉर्म्युला गोपनीय ठेवा ना. पण पुढच्या बाजूला तुम्हीच आकडा छापलाय, तो कशाचा ते विचारलं की गुपित कसं होतं? दशलक्षात पंचवीस भाग मोजायला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं, गिऱ्हाइकाने ते कुठून आणायचं?

चाचण्यांबद्दल एवढंच, की या मिश्रणांवरच्या ज्या चाचण्या जाहिरातीत मिरवतात त्या बऱ्याचशा ती विकणाऱ्यांनीच केलेल्या, काही डझन माणसांवर, तीन-चार महिन्यांच्या. एकेकट्या पेप्टाइडची चाचणी तर क्वचितच, बहुधा अर्कासकट अख्ख्या मिश्रणाचीच. शिवाय केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, तेव्हा ‘एकवीस दिवसांत फरक’ म्हणणाऱ्याला सात मिलिमीटर तरी दाखवता येतील का, हे विचारावं. मिनॉक्सिडिलचं वेगळं आहे. ते औषध आहे, रक्तदाबाच्या गोळीतून त्याचा केस वाढवण्याचा गुण लक्षात आला, अमेरिकेत १९८८ साली पुरुषांसाठी आणि १९९१ साली बायकांसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि त्यामागे तुलना करून केलेल्या चाचण्या आहेत. त्याचे त्रासही आहेत, ते डॉक्टरांना विचारूनच लावायचं. लेखात ते आणि सीरम एकाच ओळीत बसवले होते.

कायद्यातही हा फरक आहे. १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात प्रसाधनाची व्याख्या आहे ती स्वच्छ करणारं, सुंदर करणारं, आकर्षक करणारं किंवा रूप बदलणारं अशी. म्हणून हुशार कंपनी बाटलीवर ‘केस दाट दिसतात’ असं छापते. ‘दिसतात’! आपल्या लेखात मात्र ‘उगवतात’ हा शब्द चारदा होता. कंपनीच्या वकिलाला जो शब्द लिहायची हिंमत झाली नाही तो आपण फुकटात लिहून दिला.

यावर माझी मोठी जाऊ म्हणेल, मी सांगत नव्हते, घाण्यावरचं खोबरेल आणि माका लाव. तिलाही दोन शब्द. खोबरेल केसाच्या काडीत शिरतं आणि धुताना निघून जाणारं प्रथिन वाचवतं, हे तपासून पाहिलेलं आहे. मी आठवड्यातून दोनदा लावते. पण त्याने टाळूवर नवा केस उगवतो असं मी तिच्यासमोरही म्हणणार नाही, आणि तिच्यासमोर काहीही म्हणणं सोपं नसतं.

पत्र लांबलं आहे, कात्री लावाल हे माहीत आहे. जायांचा गजरा उडवलात तरी चालेल, पण सी.आय. ४२०९० आणि फिनॉक्सिएथेनॉलचे परिच्छेद ठेवा. आणि एक विनंती. पुढच्या वेळी अशा बाटलीवर लिहाल तेव्हा फोटो पुढच्या बाजूचा न छापता मागच्या बाजूचा छापा, अक्षर वाचता येईल एवढा मोठा.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त विश्लेषक, फोंडा
(नाव छापू नये. जावेला कळेल.)

ता. क. : भाचीने उरलेली दुसरी बाटली वापरायचं ठरवलंय, पैसे गेलेलेच आहेत म्हणून. आधी कानामागे एक थेंब लावून दोन दिवस थांब, आणि सुरू करण्यापूर्वी लोह तपासून घे, एवढं मी तिला सांगितलं. पहिलं तिने केलं. दुसऱ्यासाठी येत्या शनिवारी मीच तिला घेऊन जाणार आहे.